पाठिंबा कुणाला, हे ठरवण्याआधी काय काय ठरवायचं

सप्टेंबरातली रात्र. साडेनऊ वाजत आलेले, आणि लायब्ररीची मीटिंग रूम दहाला रिकामी करून द्यायची होती. टेबलावर मतपत्रिकांचे तीन गठ्ठे. सिटी कौन्सिलच्या एका जागेसाठी दोन उमेदवार. एकीला २५ मतं, दुसऱ्याला १६, आणि दोन चिठ्ठ्या कोऱ्या. एकूण ४३. आमच्या राजकीय क्लबच्या नियमावलीत एक वाक्य होतं: ‘पाठिंब्यासाठी ६० टक्के मतं लागतील.’ कशाच्या ६० टक्के, ते लिहिलेलंच नव्हतं.

कोऱ्या चिठ्ठ्या धरल्या तर ४३ पैकी २५ म्हणजे ५८ टक्के, पाठिंबा नाही. कोऱ्या सोडल्या तर ४१ पैकी २५, एकसष्टच्या जवळ, पाठिंबा मिळाला. खोलीतल्या प्रत्येकाला कुठल्या अर्थाने कुणाचा फायदा होतो ते एव्हाना कळलं होतं, त्यामुळे त्या वाक्याचा अर्थ लावणं म्हणजे उमेदवार निवडणंच झालं होतं. अध्यक्षांनी कोऱ्या चिठ्ठ्या मोजल्या. पाठिंबा कुणालाच नाही. त्या वर्षी सहा सभासदांनी पुढची वर्गणी भरली नाही.

ते वाक्य मी लिहिलेलं होतं. पंचवीस वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये काढली, काठावरची केस शोधून काढणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा, आणि स्वतःच्या नियमावलीत नेमकी तीच सुटली.

तर हे लिखाण कॅलिफोर्नियातल्या आणि आसपासच्या अशा मराठी मंडळींसाठी, ज्यांना आपल्या गावच्या पुरोगामी गटात शिरायचंय किंवा नवा गट उभा करायचाय, आणि ज्यांच्यावर कधी ना कधी ‘एन्डॉर्समेंट कमिटी’चं, म्हणजे पाठिंबा ठरवणाऱ्या समितीचं, काम येऊन पडणार आहे. मी सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या ईस्ट बे भागातल्या एका क्लबमध्ये ते काम बरीच वर्षं करतेय.

मुळात याला एवढी किंमत का

इथे सिटी कौन्सिल, स्कूल बोर्ड, काउंटी सुपरवायझर या सगळ्या निवडणुका राज्यघटनेनेच पक्षविरहित आहेत. मतपत्रिकेवर उमेदवाराच्या नावापुढे पक्ष नसतो, असतो तो फक्त व्यवसाय, तोही दोन-तीन शब्दांत. ‘शिक्षिका’, ‘लघुउद्योजक’, ‘निवृत्त अभियंता’. एवढ्यावरून माणसाने काय ठरवायचं? मग मतपत्रिका स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरून लोक ओळखीच्या गटाचं कार्ड, म्हणजे त्याने पाठिंबा दिलेल्या नावांची छापील यादी, शोधतात. राष्ट्राध्यक्ष कोण हवा ते सगळ्यांचं ठरलेलं असतं. स्कूल बोर्डाच्या तिसऱ्या जागेपाशी गाडी अडते, आणि तिथेच आपलं कार्ड उपयोगी पडतं.

पक्षाच्या अधिकृत समित्यांना तर प्रायमरीत, म्हणजे मुख्य निवडणुकीआधीच्या फेरीत, कुणालाही पाठिंबा जाहीर करायला या राज्यात एके काळी कायद्याने बंदी होती. सॅन फ्रान्सिस्को काउंटीच्या डेमोक्रॅटिक समितीने ते प्रकरण थेट सुप्रीम कोर्टापर्यंत नेलं आणि १९८९ साली ती बंदी रद्द झाली.

निर्णयात कोण बसू शकतं

आपल्या लोकांना हा भाग नीट सांगायलाच हवा, कारण इतर क्लबांमध्ये याचा विचार करायची वेळच येत नाही. फेडरल कायद्याप्रमाणे परदेशी नागरिकाला इथल्या कुठल्याही निवडणुकीत, अगदी गावातल्या स्कूल बोर्डाच्याही, पैसे देता येत नाहीत. निवडणुकीवरच्या खर्चाचा निर्णय घेण्यातही भाग घेता येत नाही. ग्रीन कार्डवाले या व्याख्येत येत नाहीत, त्यांना दोन्हीची मुभा आहे. म्हणजे एच-वन व्हिसावर असलेला तुमचा उत्साही मित्र पाकिटं भरू शकतो, फोन करू शकतो, खुर्च्या लावू शकतो, फक्त मोबदला न घेता. पण क्लब त्या पाठिंब्यामागे पैसे घालणार असेल तर ‘कुणाला द्यायचा’ या मतदानात त्याचा हात वर व्हायला नको. आम्ही सरळ दोन प्रकारचे सभासद केले: मताधिकार असलेले आणि नसलेले. माणसं दुखावतात, हे खरं. पण नंतर वकिलाकडे पळण्यापेक्षा आधी दुखावलेलं बरं. आणि ग्रीन कार्डवाल्यांनी क्लबात मत दिलं म्हणून उत्साहाच्या भरात मतदार नोंदणीचा फॉर्म भरू नये. तो फॉर्म म्हणजे नागरिक असल्याचा दावा असतो, आणि खोट्या दाव्याने इथला सगळा संसार उठू शकतो.

दुसरी गोष्ट मंडळांची. आपली बहुतेक मराठी मंडळं ५०१ (सी) (३) या करमुक्त धर्मादाय संस्थांच्या सदरात नोंदलेली आहेत. अशा संस्थांना उमेदवाराच्या बाजूने किंवा विरोधात उभं राहायला १९५४ पासून मनाई आहे. तरी एका वर्षी आमच्यातल्या एकाने आमचं कार्ड मंडळाच्या गणपतीच्या ईमेल यादीवर धाडलं. ‘अहो, सगळे आपलेच आहेत ना!’ सगळे आपलेच होते म्हणूनच बोंब झाली. मंडळाच्या कार्यकारिणीला माफीचं पत्र लिहिण्यात माझा रविवार गेला. गटाची यादी वेगळी, पैसे वेगळे, नाव वेगळं. भेसळ नको.

नावं कळण्याआधी नियम

आता मुख्य काम. उमेदवार कोण आहेत हे माहीत व्हायच्या आत नियम लिहून, मतदान करून, मोकळं व्हायचं. जानेवारी-फेब्रुवारीत. तेव्हा सभा कंटाळवाणी होते आणि सात माणसं येतात, पण ती सातही माणसं प्रामाणिक असतात, कारण कुणाचा फायदा कशात हे कुणालाच ठाऊक नसतं. ऑगस्टमध्ये तीच सभा घेतलीत तर प्रत्येक स्वल्पविरामामागे एक उमेदवार उभा दिसेल.

पहिला नियम सभासदत्वाच्या तारखेचा. मतदानाच्या किती दिवस आधी वर्गणी भरलेली असावी? आमच्याकडे पंचेचाळीस. ही अट नसेल तर ऐनवेळी उमेदवाराचे मेहुणे, शेजारी आणि ऑफिसातले लोक रांग लावून वर्गणी भरतात आणि वर्षभर खुर्च्या लावणारे बघत बसतात. यात बेकायदा काही नसतं, पण त्या पाठिंब्याला मग काही किंमत राहत नाही. दिवस फार वाढवलेत तर नवी माणसं आतच येत नाहीत, तेही सांभाळा.

मग टक्क्यांचा. निम्म्यापेक्षा एक जास्त ठेवलंत तर अर्धा क्लब रुसलेला असताना तुम्ही कार्ड छापणार, आणि रुसलेली माणसं दारोदार फिरत नाहीत. म्हणून बऱ्याच ठिकाणी ६० टक्के असतात. कॅलिफोर्नियाच्या डेमोक्रॅटिक पक्षाचंही बघा. फेब्रुवारी २०१८ च्या अधिवेशनात सिनेटसाठी केविन दे लिऑन यांना ५४ टक्के मिळाले, विद्यमान सिनेटर डायॅन फाइनस्टाइन यांना ३७. साठची अट असल्यामुळे पाठिंबा कुणालाच गेला नाही. जुलैत पक्षाच्या कार्यकारिणीने ६५ टक्क्यांनी दे लिऑन यांना दिला. आणि नोव्हेंबरात निवडून आल्या फाइनस्टाइन! पाठिंबा म्हणजे विजयाची हमी नव्हे, हे नव्या सभासदांना समजवायला मी हाच किस्सा सांगते.

टक्के कशाचे, हे लिहा. आमचं आताचं वाक्य असं आहे: ‘कोऱ्या आणि बाद चिठ्ठ्या वगळून, “कुणालाच नाही” धरून, पडलेल्या एकूण मतांच्या ६० टक्के.’ यातलं ‘कुणालाच नाही’ हा मतपत्रिकेवरचा पर्याय आहे, छापलेला, उमेदवारांच्या नावांइतक्याच मोठ्या अक्षरात. तो नसेल तर दोन नावडत्यांतून एक निवडायची सक्ती होते, आणि सक्तीने दिलेला पाठिंबा बाहेरच्या माणसाला वासावरून कळतो. तो पर्याय असला की कोरी चिठ्ठी टाकायचं कारणच उरत नाही. एका जागेसाठी दोघांना पाठिंबा देता येईल का? आम्ही नाही म्हणतो. काही गट हो म्हणतात. माझं मत, दोघांना दिलेला पाठिंबा म्हणजे लग्नाच्या दोन्हीकडच्या वऱ्हाडात जेवणं. पण तीन जागा आणि पाच उमेदवार असतील तर तीन नावांपर्यंत देता येतात, आणि प्रत्येक नावाला साठची अट वेगळी लागू होते, हे लिहून ठेवा.

हितसंबंधांचं एक कलमही घाला. सभासद एखाद्या उमेदवाराकडून पगार घेत असेल तर त्याने ते बोलायच्या आधी उभं राहून सांगायचं, आणि मुलाखतीच्या समितीत बसायचं नाही. नातलगांनाही तेच. आणि काउंटी पक्षाची सनद घेतलेला क्लब असाल तर पक्षाचे नियम आधी वाचा. अशा क्लबांना सहसा नोंदणीकृत डेमोक्रॅट उमेदवारच चालतो, निवडणूक पक्षविरहित असली तरी. स्वतंत्र गटांना ही अडचण नसते.

तारखा उलट्या मोजा

२०२४ चंच उदाहरण घेते. मतदान ५ नोव्हेंबरला. पण कॅलिफोर्नियात मतपत्रिका सगळ्यांना टपालाने जातात, २९ दिवस आधी, म्हणजे ७ ऑक्टोबरपासून. तुमचं कार्ड त्याच आठवड्यात दारात हवं. नंतर गेलेलं कार्ड रद्दीत. छपाईला दहा दिवस धरा. म्हणजे सप्टेंबरच्या मध्यापर्यंत निर्णय व्हायलाच हवा. दुसऱ्या टोकाला, अर्ज भरायची मुदत मतदानाच्या ८८ दिवस आधी संपते. त्या वर्षी ती ९ ऑगस्ट होती, आणि पदावर असलेल्या माणसाने पुन्हा अर्ज भरला नाही तर त्या जागेसाठी आणखी पाच दिवस. हातात उरतात जेमतेम पाच आठवडे, त्यातच लेबर डेचा लांब वीकेंड. प्रश्नावली जुलैतच तयार ठेवा. अर्ज भरलेल्या प्रत्येकाला ती एकाच दिवशी, एकाच मजकुराच्या पत्राने पाठवा, तुम्हाला तो उमेदवार डोळ्यासमोर नको असला तरी. नावडत्याला वगळलंत की उद्या तो जाहीरपणे सांगेल की यांचं आधीच ठरलेलं होतं. आणि त्याचं खरंच असेल.

प्रश्नावली

इथे माझा जीव रमतो, म्हणून जरा थांबते.

वाईट प्रश्न म्हणजे ज्याचं उत्तर सगळे एकच देतात. ‘परवडणाऱ्या घरांना तुमचा पाठिंबा आहे का?’ आजवर मला एकही उमेदवार भेटलेला नाही जो नाही म्हणाला. चांगला प्रश्न म्हणजे ज्यात उमेदवारांच्या ओळीतून निदान एक जण बाजूला पडतो. २०२४ मध्ये आम्ही विचारलं होतं: ‘प्रपोझिशन ३३ ला तुम्ही मत देणार का? नसाल, तर आपल्या शहरातल्या भाडेकरूंसाठी त्याऐवजी कुठला ठराव आणाल?’ ते प्रपोझिशन, म्हणजे थेट मतदारांपुढे ठेवलेला प्रस्ताव, १९९५ चा कोस्टा-हॉकिन्स कायदा रद्द करण्यासाठी होतं. हा कायदा शहरांना नव्या इमारतींवर आणि स्वतंत्र घरांवर भाडेनियंत्रण लावू देत नाही. (प्रपोझिशन पुढे पडलं.) पाच उमेदवारांपैकी दोघांनी स्पष्ट हो म्हटलं, एकाने स्पष्ट नाही म्हणून कारण दिलं, आणि दोघांनी ‘समतोल दृष्टिकोन’ या शब्दांचा आधार घेत दीड पान लिहिलं. त्या नाहीवाल्याविषयी माझा आदर वाढला. मत त्याला दिलं नाही, ते वेगळं.

हो-नाहीच्या प्रश्नाखाली कारणासाठी जागा ठेवा, पण मोजून शंभर शब्द. प्रश्न बारापेक्षा जास्त नकोत. स्कूल बोर्डाला उभी असलेली बाई बहुधा दिवसा नोकरी आणि रात्री प्रचार करत असते, आणि तिच्याकडे अशा वीस प्रश्नावल्या आलेल्या असतात. प्रश्न त्या पदाच्या हातातल्या गोष्टींचेच हवेत. पाणीपुरवठ्याच्या बोर्डाच्या उमेदवाराला परराष्ट्र धोरणावर तीन प्रश्न विचारणारी प्रश्नावली मी पाहिलीय. पाण्याच्या दराबद्दल त्यात एक ओळ नव्हती.

पैशांबद्दल विचाराच. कुणाकडून घेणार नाही, ते लिहून घ्या: बिल्डर, तेल कंपन्या, पोलीस युनियन, जे तुमच्या गटाने ठरवलं असेल ते. इथून तासाभरावर रिचमंड आहे, शेव्हरॉनची रिफायनरी असलेलं गाव. तिथल्या रिचमंड प्रोग्रेसिव्ह अलायन्सची अटच आहे की उमेदवाराने कंपन्यांचा पैसा घ्यायचा नाही. २०१४ च्या निवडणुकीत शेव्हरॉनने त्यांच्या विरोधात सुमारे ३० लाख डॉलर ओतले, आणि अलायन्सचे उमेदवार निवडून आले. पण लेखी शब्दावर थांबू नका. सिटी क्लार्ककडे उमेदवाराचा फॉर्म ४६० असतो, त्यात १०० डॉलर आणि त्यावरच्या प्रत्येक देणगीदाराचं नाव, व्यवसाय, नोकरी कुठे, सगळं दिसतं. फॉर्म ७०० मध्ये उमेदवाराचे स्वतःचे आर्थिक हितसंबंध. दोन्ही सार्वजनिक असतात. एक संध्याकाळ चहा घेऊन हे वाचायला बसा; मुलाखतीतले निम्मे प्रश्न तिथेच सापडतात.

आणि जातीचा प्रश्न. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिॲटल हे जातीवरून भेदभाव करायला नावानिशी मनाई करणारं अमेरिकेतलं पहिलं शहर ठरलं. तो ठराव आणणाऱ्या क्षमा सावंत पुण्यात जन्मलेल्या. त्याच वर्षी आपल्याच भागातल्या राज्य सिनेटर आयेशा वहाब यांचं एसबी ४०३, म्हणजे तसाच भेदभाव राज्यभर रोखणारं विधेयक, विधिमंडळात मंजूर झालं, आणि ऑक्टोबरात गव्हर्नर न्यूसम यांनी ते व्हीटो केलं. आमच्या प्रश्नावलीत मी प्रश्न सुचवला: ‘असा ठराव आपल्या कौन्सिलपुढे आला तर तुम्ही कसं मत द्याल?’ क्लबातल्या बिगरभारतीयांना काहीच अडचण नव्हती. अडचण झाली आपल्यांना. ‘हा आपला अंतर्गत मामला आहे, गोऱ्यांसमोर कशाला?’ हे म्हणणारे गृहस्थ एप्रिलमध्ये व्यासपीठावर फुले-आंबेडकरांवर फार छान बोलतात. दोन सभा त्यात गेल्या. प्रश्न राहिला, नऊ विरुद्ध सहा.

मुलाखत आणि मतदान

मुलाखतीबद्दल फार काही नाही. सगळ्यांना सारखाच वेळ, सारखेच पहिले चार प्रश्न, मग प्रत्येकाच्या कागदांवरून निघालेले दोन. एकाची मुलाखत चालू असताना दुसरा उमेदवार खोलीत नको. घड्याळ धरायला असा माणूस बसवा ज्याला कुणाचीही भीड नाही. आमच्याकडे एक निवृत्त पोस्टमास्तर आहेत, ते महापौरालासुद्धा वाक्याच्या मध्यात थांबवतात. समितीने शिफारस जरूर करावी, पण मत सभासदांचं. आणि लेखी उत्तरं मतदानाच्या निदान तीन दिवस आधी सगळ्यांना पाठवा, नाहीतर जो गोड बोलतो तो जिंकतो.

मतमोजणीला दोन माणसं, दोन्ही वेगवेगळ्या उमेदवारांची चाहती. आकडे तिथेच मोठ्याने वाचा, फक्त निकाल नको. चिठ्ठ्या निवडणूक होईपर्यंत जपून ठेवा.

नंतर

पाठिंबा दिला म्हणजे काय दिलं? नाव वापरायची परवानगी. एवढ्यावरच थांबायचं असेल तर उमेदवाराला तेवढंच सांगा, खोटी आशा लावू नका. खरी मदत म्हणजे शनिवारी सकाळी दहा वाजता हजर होणारी आठ माणसं. आपल्या सभासदांना ‘आपण यांना पाठिंबा दिलाय’ असं कळवण्याचा खर्च राज्याच्या नियमांत निवडणूक खर्च धरला जात नाही. पण कार्ड छापून गावभर वाटलंत की हिशेब सुरू होतो. वर्षात २,००० डॉलर किंवा जास्त राजकीय देणग्या जमल्या, की समिती म्हणून राज्याकडे नोंदणी आणि नियमित अहवाल. उमेदवाराला विचारून, त्याच्या सांगण्यावरून छापलंत तर ती त्याला दिलेली देणगी ठरते. न विचारता स्वतंत्रपणे १,००० डॉलर खर्च केलेत तरी नोंद करावी लागते. खजिनदार असा निवडा ज्याला पावत्या चिकटवायला आवडतात.

पाठिंबा काढून घ्यायचा नियमही हवा. आमच्याकडे दोन तृतीयांश मतं लागतात, आणि उमेदवाराला आधी बोलायची संधी. आजवर एकदाच वापरला.

आणि मोजणी झाली की त्याच रात्री, बातमी बाहेर फुटायच्या आत, प्रत्येक उमेदवाराला फोन. मिळालेल्यांना, न मिळालेल्यांनाही. टेक्स्ट नको, फोन. त्या कोऱ्या चिठ्ठ्यांच्या रात्री लायब्ररीच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून मी दोन्ही फोन केले. सोळावाल्याने आभार मानले. पंचवीसवाल्या बाई सगळं शांतपणे ऐकून घेत होत्या, अठ्ठावन्न टक्क्यांपर्यंत. मग म्हणाल्या, “कशाचे?”